बेटावर जाणे आणि बेटावर राहणे

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरला वयोमानाप्रमाणे आता सहली आठवायला लागल्या. तसंच आहे, थोडंफार. पण निमित्त वेगळं आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्या बारांतले तीन चारही बाजूंनी पाण्यात आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग. त्यानंतर एका तरुण श्रोत्यानं मला विचारलं, "सर, गडावर मुक्काम करणं ही तर आपली परंपरा. राजगडावर, राजमाचीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. मग समुद्रातल्या किल्ल्यावर तंबू ठोकून एक रात्र काढली तर बिघडलं कुठं?"

प्रश्न चांगला आहे. त्याला नियमाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्याखाली १९५९ साली जे नियम झाले, त्यांनुसार संरक्षित स्मारक साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ उघडं असतं, आणि आत परवानगीशिवाय स्वयंपाक करता येत नाही. संपलं. पण नियम सांगितला म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही, हे मी पस्तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. त्यामुळं आज कारणाकडे जायचं आहे, आणि ते जरा लांबच्या वाटेनं. त्याआधी एक कबुली देतो. अशा किल्ल्यावर एक बेकायदा रात्र मी काढलेली आहे. एकट्यानं नव्हे, सत्तावीस विद्यार्थ्यांना घेऊन.

१९७७ चा डिसेंबर. मी सत्तावीस वर्षांचा, ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात नवा लेक्चरर. मुलांची एक दिवसाची सहल अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर न्यायची ठरलं. तुम्हाला माहीत आहेच, हा किल्ला आहे बेटावर, पण ओहोटीला चालत जाता येतं. वीस-पंचवीस मिनिटांची चाल, खाली कातळ आणि वाळू. शिवाजी महाराजांनी अखेरच्या वर्षी, १६८० साली, हा बांधायला घेतला, संभाजीराजांच्या काळात तो पुरा झाला आणि पुढं आंग्र्यांचं ते मुख्य ठाणं झालं. मी जबाबदार माणूस. म्हणून आधी एकटा जाऊन पाहणी करून आलो. तो होता रविवार, नाताळचा दिवस. संध्याकाळी साडेपाचला पाणी इतकं लांब गेलं होतं, की टांगे थेट दरवाज्यापर्यंत जात होते. मी वहीत लिहिलं: 'संध्या. ५॥, रस्ता कोरडा.'

पुढच्या रविवारी, १ जानेवारी १९७८ ला, आम्ही गेलो. एसटीनं पोचायला साडेअकरा झाले. बघतो तर वाट उघडी होती. पूर्ण कोरडी नव्हे, मधल्या पट्ट्यात गुडघाभर पाणी होतं, पण मुलांना तीच तर मजा. चपला हातात घेऊन सगळे पलीकडे गेले. मी मनाशी म्हटलं, आता इतकी चांगली वाट आहे, साडेपाचला तर टांगे चालतात. निवांत किल्ला पाहू. पाहिला. रघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपती पंचायतन पाहिलं, पुष्करणी पाहिली, तोफा पाहिल्या, पुऱ्या खाल्ल्या, गाणी झाली. पाच वाजता दरवाज्यात आलो आणि समोर समुद्र. वाट नव्हतीच. भिंतीला लाटा लागत होत्या.

आता मूर्खपणाची पुढची पायरी. मला वाटलं, वहीत साडेपाच लिहिलंय, म्हणजे अर्ध्या तासात ओसरेल. मी मुलांना थांबा म्हटलं. एका धाडसी मुलाला थांबवेना. तो 'सर, सकाळी गुडघाभर होतं' म्हणत उतरला. दहा पावलांत छातीपर्यंत गेला आणि पाय सुटले. त्याच्या मागच्या दोघांनी हाताला आणि सदऱ्याला धरून ओढला म्हणून तो आज आहे. निवृत्त झाला तो, दोन नातवंडं आहेत. मी त्या वेळी काय केलं? उभा होतो. वही हातात होती.

देवळाकडून एक वृद्ध बाई आली. ती त्या रात्री किल्ल्यातच राहणार होती, दिवाबत्तीला. तिनं सगळं पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तर, आज तीथ कंची?"

मी म्हणालो, "रविवार."

ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसतं सांगितलं, "सातम हाय. आता पानी भरलंय. रातच्याला बारा वाजता सुकंल, पन भांगाचं पानी, धड सुकायचं न्हाई. अंधारात पोरं सोडू नको."

तिनं दोन वाक्यांत जे सांगितलं ते समजून घ्यायला मला पुढं काही वर्षं लागली. ते आज तुमच्यापुढं नीट मांडतो, कारण बेटावरच्या सहलींचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

चंद्राचं एक महिन्याचं चक्र म्हणजे तीस तिथ्या. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाची एक पूर्ण फेरी, म्हणजे चोवीस तास, पुढं सरकते. चोवीस तासांना तीसनं भागा. तिथीमागे ४८ मिनिटं आली. ४८ मिनिटं म्हणजे किती? दोन घटका. घटका चोवीस मिनिटांची. बघा, आपल्या जुन्या कालमापनात हा हिशेब किती चपखल बसतो: तिथीमागे दोन घटका. घड्याळ आल्यावर त्याचा झाला 'तिथीची पाऊणपट'. आपल्या मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर हे सूत्र अजून लोकांच्या तोंडी आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. तिच्या आधी आणि नंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पाऊण तास आणि अठ्ठेचाळीस मिनिटं यांत तीन मिनिटांचा फरक असल्यामुळं पंधरवड्याच्या शेवटी सूत्र पाऊण तासानं मागं पडतं, खरी भरती बाराच्या सुमारास येते. पण मुलं घेऊन पाण्यात उतरायचं की नाही हे ठरवायला एवढं ढोबळ गणित पुरतं.

आता माझी चूक तपासा. नाताळला पौर्णिमा होती. भरती दुपारी बाराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. बरोबर पाहिलं होतं मी. सात दिवसांनी वद्य सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे ज्या घटकेला मी मागच्या रविवारी कोरडी वाट पाहिली, त्याच घटकेला या रविवारी भरती. आठवडा हे माप समुद्राच्या बाबतीत सर्वात वाईट माप आहे, कारण सात दिवसांत वेळापत्रक जवळजवळ नेमकं उलटं होतं. आणि सहली कधी जातात? रविवारी. पाहणी कधी होते? आदल्या रविवारी. आमची सुट्टी आठवड्याला बांधलेली, पाणी तिथीला बांधलेलं.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती भांगाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग: चढतं कमी आणि उतरतंही कमी. म्हणून आम्हाला जाताना गुडघाभर पाणी लागलं. ते पाणी म्हणजे समुद्रानं दिलेली सूचना होती, आणि आम्ही ती मजा समजलो. आजकाल मुलं मोबाइलवर ओहोटीची वेळ पाहतात, मिनिटासकट. वेळ बरोबरच असते. पण ओहोटी म्हणजे वाट उघडी, असा अर्थ ती काढतात. भांगाच्या ओहोटीला वाट उघडीच होत नाही कधी कधी. वेळेच्या शेजारी पाण्याची उंची दिलेली असते, ती कोणी वाचत नाही.

इथं माझ्या विषयाची, म्हणजे तत्त्वज्ञानाची, थोडी फजिती सांगायला हरकत नाही. ॲरिस्टॉटल युबिया बेटावरच्या काल्किस गावी इसवी सनपूर्व ३२२ मध्ये वारला. आजारानं वारला. पण पुढं दंतकथा झाली, की तिथल्या युरिपसच्या सामुद्रधुनीचा प्रवाह दिवसातून इतक्या वेळा का उलटतो याचा उलगडा होईना, म्हणून त्यानं त्यातच उडी घेतली. गॅलिलिओची गोष्ट मात्र दंतकथा नाही. १६३२ च्या त्याच्या प्रसिद्ध संवादग्रंथातला चौथा दिवस भरतीवर आहे. पृथ्वी फिरते म्हणून समुद्र हिंदकळतो, असं त्याचं म्हणणं. चंद्राचा काही संबंध आहे, हे केप्लरसारख्या माणसानं मानावं याचं त्याला नवल वाटलं. त्याच्या उपपत्तीतून दिवसाला एकच भरती निघते, प्रत्यक्षात दोन येतात, आणि त्याचं स्पष्टीकरण देताना त्याची दमछाक झाली. न्यूटननं १६८७ मध्ये प्रश्न मार्गी लावला. म्हणजे ज्या वर्षांत युरोपातला सर्वात हुशार माणूस चंद्राला बाजूला सारत होता, त्या वर्षांत कोकणातला कोळी तिथी मोजून होडी काढत होता. यावरून 'आमच्याकडे सगळं होतंच' असं मी म्हणत नाही, कृपया टाळ्या वाजवू नका. कोळ्याला का ते ठाऊक नव्हतं, केव्हा ते ठाऊक होतं. गॅलिलिओला का हवं होतं. दोन्ही लागतं. पण दरवाज्यात सत्तावीस मुलं उभी असतील तर आधी केव्हा लागतं.

आणि हे 'केव्हा' नेहमी स्थानिक माणसाकडेच असतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-पुस्तकात भडोचच्या भरतीचं मोठं भेदरलेलं वर्णन आहे. तिथं असंही सांगितलंय, की परक्या जहाजांना आत आणण्यासाठी राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन समोर जात. दोन हजार वर्षांपूर्वीची ती व्यवस्था.

बरं, भरतीनं एक गोष्ट ठरते: बेटावर केव्हा जायचं आणि केव्हा निघायचं. दिवसाच्या सहलीचा सगळा शहाणपणा एवढाच. पण मुक्काम? मुक्काम भरती ठरवत नाही. तो ठरतो गोड्या पाण्यावर. हे मी त्याच रात्री शिकलो, तहान लागल्यावर.

रामचंद्रपंत अमात्यांचं म्हणून ओळखलं जाणारं आज्ञापत्र १७१६ च्या सुमाराचं आहे. त्यात किल्ल्यांवरचं प्रकरण वाचा. बुरूज-तटबंदीच्या आधी पाणी बघा, असं बजावलंय. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी खणा. एका झऱ्यावर विसंबू नका, कारण तोफांच्या हादऱ्यानं झरा आटतो, म्हणून साठवणीचं पाणी वेगळं ठेवा आणि ते जपा. सह्याद्रीतल्या गडाला हे जितकं लागू, त्याच्या दसपट समुद्रातल्या किल्ल्याला. डोंगरावर पाणी संपलं तर माणूस खाली उतरतो. बेटावरून उतरून जायचं कुठं?

सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर. लोक तिथली तटबंदी पाहतात, महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहतात, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ पाहतात. सगळं बघावं. पण त्या किल्ल्याचं हृदय कुठं असेल तर त्या तीन विहिरींत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावंच बघा. खाऱ्या पाण्यानं वेढलेला माणूस गोड्या पाण्याला दूध, दही आणि साखर म्हणतो. मुरूडच्या जंजिऱ्यातही आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. त्या तलावांवाचून सिद्द्यांनी तिथं इतकी वर्षं तग धरलाच नसता. 'जंजिरा' हा शब्दच मुळी 'जझीरा' या अरबी शब्दावरून आला, अर्थ बेट. आपण 'जंजिरा बेट' म्हणतो तेव्हा बेट बेट म्हणत असतो, असो.

हे गोडं पाणी येतं कुठून, तर पावसातून. काही ठिकाणी ते टाक्यात-तलावात साठवलेलं असतं. जिथं जमीन पाणी मुरू देते तिथं ते बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. उपसा बेताचा असला तर विहीर गोड राहते. एकदम उपसलं की खालून खारं वर चढतं, आणि ते परत खाली जायला पावसाळे जावे लागतात. आता साधा हिशेब करा. शंभर जणांचं शिबिर, दोन रात्री, माणशी दिवसाला पाच लिटर, तेही फक्त पिणं आणि स्वयंपाक. हजार लिटर झाले. अंघोळ आणि भांडी धरलीच नाहीत. दर शनिवारी-रविवारी. डिसेंबर ते मे. विहीर कोणासाठी होती? ठाण्यावरच्या शिबंदीसाठी, जिचा प्रत्येक घडा मोजलेला असे.

माझ्या त्या रात्री आजीनं एक कळशी भरून आणली. अठ्ठावीस माणसं. तिनं स्वतः ओंजळीत ओतलं, प्रत्येकाच्या दोन ओंजळी. एक मुलगा पाय धुवायला पुष्करणीकडे निघाला, त्याला तिनं ज्या शब्दांत परत बोलावलं ते या मंचावरून सांगता येणार नाहीत. आज्ञापत्र मी तोवर वाचलेलं होतं, नोट्स काढलेल्या होत्या. पाणी जपा म्हणजे काय ते मात्र तेव्हा कळलं.

आता इतिहासाचा दुसरा पदर. बेटांवर माणसं गटानं कधीपासून जातात? माझ्या मते आधी जत्रा. मुंबईजवळच्या घारापुरीला महाशिवरात्रीला होड्या भरभरून लोक जातात. खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे, त्याला नवस फेडायला दर्यावर्दी कुटुंबं जातात. जत्रेला जाणारा बेटावर पाहुणा असतो, पण त्याचं तिथं काम असतं. देव तिथला, म्हणजे तिथल्या माणसालाही मान.

मग आले मोजणारे. पोर्तुगीज जुआंव द कास्त्रोनं १५३८ साली घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन लिहिलं. कार्स्टन नीबुर हा डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेतला मोजणीदार. त्याचे सगळे सहकारी एकामागून एक तापानं मेले आणि १७६४ साली मुंबईत तो एकटा उरला. त्या अवस्थेत हा माणूस घारापुरीला पुन्हा पुन्हा जातो आणि लेण्यांची मापं घेतो, चित्रं काढतो. मला नीबुरबद्दल फार आदर आहे. पुन्हा पुन्हा जाणारा माणूस वेगळा असतो.

आणि त्यांच्या मागून आली पिकनिक. मुंबईचे साहेब लोक होडीत डबे, दारू आणि नोकर घेऊन घारापुरीला दिवस काढायला जाऊ लागले. याचा कळस १८७५ मध्ये झाला. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आले असताना त्यांना मेजवानी दिली गेली ती चक्क लेण्यात. महेशमूर्तीसमोर टेबलं मांडून. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तो हत्ती त्याआधीच, १८६४ साली, इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात उचलताना कोसळून फुटला होता. पुढं तो जोडला, आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही.

या सगळ्या गर्दीत एक गोष्ट सुटते. घारापुरीवर गावं आहेत. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. गेट वेवरून तासाभरात लाँच तिथं पोचते, समोर मुंबईचे दिवे दिसतात. त्या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज कधी मिळाली? फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनित्र चाले. लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली होती. म्हणजे वारसा एकतीस वर्षं आधी पोचला, दिवा नंतर. दिवसभर तिथं पर्यटक असतात, शेवटच्या लाँचनं परततात. अंधार पडल्यावर बेट ज्यांचं आहे त्यांच्याकडे परत जातं. हे वेळापत्रक मला, खरं सांगतो, न्याय्य वाटतं. अंधार मात्र न्याय्य नव्हता.

आपल्या मराठी सहलीची परंपरा कुठली? ती बहुतांशी डोंगराची. गिरिविहारसारखी संस्था १९५४ पासून आहे. गोनीदांनी तर किल्ल्यांवर राहून राहून महाराष्ट्राला गड चढायला शिकवलं, त्यांची 'दुर्गभ्रमणगाथा' घराघरांत आहे. सागरी किल्ले या परंपरेत कडेला राहिले. का? मला एक कारण दिसतं. डोंगर आपल्या पायांचा असतो. पहाटे निघा, कोणाला विचारू नका, चढा. बेटावर जायला दुसऱ्याची होडी लागते, दुसऱ्याचा वेळ लागतो, मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत तर बंदरच बंद. स्वावलंबनाचा आनंद ज्याला हवा त्याला बेट अडचणीचं वाटणारच. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीनं गेला असाल तर आठवा: नाखवा सांगेल तेव्हा परत फिरायचं. आपण कुरकुरतो, की पैसे देऊन पाऊण-एक तासच! त्या कुरकुरीत सगळं आलं.

म्हणून त्या तरुण मित्राच्या 'परंपरा' या शब्दाशी मी थोडा थांबतो. राजमाचीला मुक्काम होतो तो गावात, कोणाच्या तरी घरी, पिठलं-भाकरी खाऊन. ती परंपरा मोकळ्या जागेत तंबू ठोकण्याची नाही, यजमानाकडे उतरण्याची आहे. समुद्रातल्या किल्ल्यांत यजमान होते. जंजिऱ्याच्या आत स्वातंत्र्यानंतरही वस्ती होती, पुढं ती हळूहळू उठून किनाऱ्यावर आली. सिंधुदुर्गावर थोडी घरं अजून आहेत. वस्ती उठते, भिंती पडतात, झाडं वाढतात, आणि मग जाहिरातीत त्याच जागेला 'निर्जन बेट' म्हणतात. निर्जन हा गुण म्हणून विकला जातो. तिथली विहीर कोणी खणली, कोणी गाळ काढला, हे विचारायला कोणी उरलेलं नसतं.

खांदेरीचंच बघा. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी माणसं घेऊन त्या बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. तोही मुक्कामच होता, म्हटलं तर शिबिर! मुंबईकर इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला. पण रसद पोचत राहिली, कारण मराठ्यांच्या छोट्या होड्या उथळ पाण्यातून, रात्री, इंग्रजी जहाजांच्या बगलेतून सुटत. कोणत्या घटकेला कोणत्या खडकावर किती पाणी असतं हे ज्यांना पाठ होतं, ते बेटावर राहू शकले. ज्यांच्याकडे तोफा जास्त होत्या ते बाहेर थांबले आणि अखेर निघून गेले.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: नियम राहावा. दगड झिजतो म्हणून तर राहावाच, पण त्याहून अधिक पाण्यासाठी राहावा. समोरच्या किनाऱ्यावर, कोणाच्या तरी पडवीत उतर, पैसे दे, मासे खा, रात्री पाण्याचा आवाज तिथूनही ऐकू येतो. असं म्हणताना माझी एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. मला बेट कळलं ते त्या एका रात्रीत, नियमाबाहेर. मध्यरात्री अर्धा चंद्र उगवला, पाणी उतरलं, खडकांची डोकी दिसायला लागली आणि तरी वाट उघडली नाही, हे मी तटावर बसून पाहिलं. दिवसाच्या सहलीत ते मला कोणी दाखवू शकलं नसतं. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला जमला तर जरूर कळवा.

सकाळी सहाच्या भरतीला पाणी पुन्हा तटाला लागलं आणि त्याच पाण्यावरून, उजाडताना, आजीचा मुलगा होडी घेऊन तिला न्यायला आला. तीन खेपा झाल्या. मी शेवटच्या खेपेत. किनाऱ्यावर काही पालक रात्रीच येऊन थांबले होते, छातीपर्यंत बुडालेल्या त्या मुलाचे वडीलही. ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मी नाखव्याला भाडं दिलं, त्यानं मोजून घेतलं. आजी होडीतून उतरताना म्हणाली, "मास्तर, पोरांना परत आनशील तर अवसेला आन. सोमवारी अवस हाय. सांजच्याला पानी लांब जातं."

मी वही काढली आणि लिहून घेतलं: सोमवार, अमावास्या. दोन्ही लिहिलं.